ट्रम्पेटसारखा गळा

'ईना मीना डीका' आपण पहिल्यांदा कधी ऐकलं, हे फारसं कुणाला सांगता येणार नाही. शाळेच्या सहलीच्या बसमध्ये ते कुणीतरी सुरू करतं आणि सगळ्यांना येत असतं. इतक्या सवयीचं गाणं नीट ऐकायचं मात्र राहून जातं. चित्रपट 'आशा' (1957), गीतकार राजेंद्र कृष्ण, संगीत सी. रामचंद्र. आशा भोसले यांनीही ते गायलं आहे; इथे बोलायचं आहे ते किशोरकुमारच्या गाण्याबद्दल. हिंदीतलं पहिलं रॉक अँड रोल अशी त्याची ओळख करून देतात. मला ती अपुरी वाटते. रॉक अँड रोलची हवा तेव्हा होती, हे खरं. पण या गाण्याची चाल, त्यातले ब्रासचे फटकारे, ठेक्याला असलेला झोका, हे सगळं त्याआधीची वीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांत वाजत असलेल्या स्विंगचं आहे.

आधी शब्द घेऊ. म्हणजे जे शब्द नाहीत ते. सी. रामचंद्रांच्या संगीत-खोलीबाहेर मुलं खेळत होती, राज्य कुणावर हे ठरवायला काहीतरी बडबडत होती, त्यातून मुखडा सुचला, असं सांगतात. त्यांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी त्यात थोडी कोकणी मिसळली, हेही त्याच गोष्टीत येतं. गोष्ट गोड आहे, पण गाणं तिच्यावर उभं नाही. अक्षरांची निवड पाहा. सुरुवातीला सगळी 'क', 'ड', 'च'ची गर्दी: जीभ टाळूवर आपटून लगेच सुटते, एकही स्वर लांबत नाही. आणि ओळीच्या शेपटाला एकदम ओठ मिटून उघडणारी 'म' आणि 'प'. वरची अक्षरं स्नेअर ड्रमवर पडतात, खालची मोठ्या ढोलावर. किशोरकुमार इथे कवितेची ओळ म्हणत नाही. गळ्यातून ताल आणि ब्रास दोन्ही वाजवतो. जाझमध्ये याला स्कॅट म्हणतात. लुई आर्मस्ट्राँगने 1926 मध्ये 'हीबी जीबीज'च्या ध्वनिमुद्रणात ते केलं आणि तिथून ते जगभर गेलं. आपल्याकडे तराण्याची सवय असल्यामुळे अर्थाविना गाणं कुणाला खटकलं नाही, एवढंच.

हे सगळं करणारा माणूस पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला, 'अनारकली'च्या चाली बांधणारा. त्याला ट्रम्पेटची ही भाषा कुठून आली? उत्तर ताजमहाल हॉटेलात सुरू होतं. 1935 मध्ये लिऑन ॲबी आपला आफ्रिकन-अमेरिकन बँड घेऊन तिथे आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्या जवळ बसून शिकले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणीच व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकवलेलं असे, त्यामुळे समोर ठेवलेला कागद ते पाहताक्षणी वाजवत. हळदोण्याचा अँतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचा आणि सी. रामचंद्रांचा सहायकही होता. 'अलबेला'त (1951) तो आपल्या बँडसह, झालरी लावलेल्या बाह्यांच्या सदऱ्यात, पडद्यावरच दिसतो. भगवानदादांच्या पायांकडे बघण्याच्या नादात आपण त्याच्याकडे बघत नाही.

दारूबंदीने रात्रीची हॉटेलं मंदावली आणि वादक स्टुडिओकडे अधिकाधिक वळले. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवायचा. अरेंजर ती कागदावर उतरवायचा, तिच्याखाली हार्मनी भरायचा, प्रत्येक वाद्याला वेगळा कागद लिहून द्यायचा. सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्या कागदांमागची माणसं. तबकडीच्या लेबलवर गायक आणि संगीतकार यांची नावं येत. ट्रम्पेट कुणी फुंकलं, ते नाही.

आता पुन्हा गाण्याकडे. किशोरकुमार थांबतो आणि मधला पीस सुरू होतो, तिथे कान द्या. वाद्यं मोकळी सुटल्याचा भास होतो. पण ती सुटलेली नाहीत. किती मात्रांनी परतायचं ते ठरलेलं आहे, अंतरा दारात उभा आहे. शंभरदा ऐकलं तरी तोच स्वर त्याच जागी येणार. वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी, एकाच टेकमध्ये ध्वनिमुद्रित होण्याचा तो काळ. एक स्वर चुकला तर सगळं पहिल्यापासून. उपज सुचली तरी कोण काढणार? मला हा पीस आवडतो, त्याचा नेटकेपणाही आवडतो. तरी मुंबईच्या जाझचं काय झालं, हे याच पीसमध्ये ऐकू येतं: नाद राहिला, उपज गेली. ख्यालातून ताना काढून बंदिश तेवढी जपावी, तसं काहीसं.

ती उपज शहरात अधूनमधून परत येत राहिली. 1978 मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने जाझ यात्रा सुरू झाली. धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली, सनी रोलिन्सचा सॅक्सोफोन मुंबईने ऐकला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवनातल्या मैफली बंद पडल्या. 2007 मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' उघडलं, 2016 मध्ये मिटलं. ज्या गिरणगावात शाहिरी घुमली तिथे सॅक्सोफोन वाजावा, यात मला काही वावगं वाटत नाही. तिकिटाच्या आणि पेयाच्या दरात गिरणगाव परवडत नाही, ही तक्रार वेगळी. एनसीपीएमध्ये जाझ अजून नियमाने होतो. दार्जिलिंगहून निघून पुढे मुंबईकर झालेल्या लुई बँक्सनी दोन-तीन पिढ्यांना पियानोभोवती जमवलं आहे. आजच्या तरुण वादकाला चर्चची शाळा लागत नाही. तो संगीत-संस्थेत शुल्क भरून शिकतो, हार्मनी उत्तम जाणतो, आणि अमेरिकन स्टँडर्ड्‌स हातखंडा वाजवतो. ऐकणारे थोडे असतात. त्यातले काही बास-सोलो सुरू झाला की गप्पा मारायला लागतात, जणू मध्यंतर झालं.

पण ही मुलं अमेरिकन स्टँडर्ड्‌स वाजवतात, तसं हे गाणं का घेत नाहीत? स्टँडर्ड म्हणजे तरी काय, ब्रॉडवेची आणि हॉलिवूडची जुनी गाणीच की. चाल सगळ्या सभागृहाला पाठ, ठेका तयार, आणि मधोमध सत्तर वर्षं कुंपणात ठेवलेला एक पीस. मुखडा एकदा वाजवावा, अंतऱ्याला दारातच थांबवावं, आणि सॅक्सोफोनवाल्याला सांगावं, परतायची घाई नाही.