‘अस्तु’ आणि शेजार : स्मृतिभ्रंशाच्या एका चित्रणाचा विचार

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटाचा नायक संस्कृतचा निवृत्त पंडित आहे. ज्याचे आयुष्य शब्दांच्या जतनात गेले त्याच्याच हातून शब्द निसटावेत, हा विरोध प्रेक्षकाच्या मनावर तत्काळ ठसतो. किंबहुना तो थोडा अधिकच सोयीचा आहे. चित्रपटाचे खरे सामर्थ्य अन्यत्र आहे. मुलगी दुकानात गेली असता चक्रपाणिशास्त्री मोटारीतून उतरून हत्तीमागे चालू लागतात व पुढे माहुताची कन्नडभाषक पत्नी चन्नम्मा त्यांना सांभाळते. त्यांचे पांडित्य तिला ठाऊक नाही. म्हणून त्यातले किती हरपले हेही ती मोजीत नाही. अर्थ लोपला तरी स्वर, स्पर्श आणि हाक यांवर चालणारा व्यवहार उरतो, हे या प्रसंगांतून निःसंशय सिद्ध होते.

‘स्मृतिभ्रंश’ या संज्ञेत मात्र ही उरलेली बाजू दिसत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा शब्द क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतच्या अधःपाताची एक पायरी म्हणून येतो. बोलीतल्या ‘म्हातारचळ’ या शब्दाला तर उघड दोषारोपाचा वास आहे. याउलट ‘अस्तु’ हे ‘अस्’ धातूचे रूप. त्यात आठवण्याची अट नाही, केवळ असण्याची अनुज्ञा आहे.

एक उणीव नोंदविली पाहिजे. चित्रपटाचा भर कन्या आणि परकी स्त्री या दोन टोकांवर राहतो. मधला शेजार धूसर आहे. भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना हा विकार असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्या सर्वांना चन्नम्मा भेटणार नाही. पुष्कळांचे दिवस साध्या चाळीत वा सदनिकेतच जावयाचे आहेत.

पेणचेच उदाहरण कल्पून पाहावे. गणेशमूर्तींच्या कारखान्यात जन्म घालविलेल्या वृद्धाला कालचे जेवण आठवले नाही, तरी हाताला मुरलेले कौशल्य पुष्कळदा अधिक काळ टिकते. त्याच्यापुढे शाडूचा गोळा ठेवणे हीही शुश्रूषाच होय. रोह्यात कुंडलिकेच्या काठचे कौलारू घर सोडून मुलाच्या सदनिकेत आलेल्या वृद्धेची अडचण वेगळी : प्रत्येक मजल्यावर तेच दार, तोच रंग. ती परक्या दाराशी उभी राहिली तर तिला चळ लागला असे म्हणावयाचे, की तिच्या दारावर ओळखीचे तोरण बांधावयाचे? पहिले शब्दाचे काम आहे, दुसरे शेजाऱ्यांचे. परंतु पहिल्यावाचून दुसरे सुचत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने समाजात राहण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमात मान्य केला आहे. तो सोसायटीच्या जिन्यापर्यंत पोचावयाचा, तर रखवालदाराला त्या वृद्धेचे नाव व मजला ठाऊक असावा लागेल.