म्युऑन भरपूर आहेत, अडचण दुसरीकडेच आहे

आता ‘मेग-२’कडे येऊ. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधला हा प्रयोग. धन म्युऑन मोडून फक्त पॉझिट्रॉन आणि फोटॉन बाहेर पडतात का, हे तिथे तपासतात. नेहमी म्युऑन मोडला की न्यूट्रिनोही निघतात. ते न निघता तो मोडलेला दिसला, तर आपल्या प्रमाण प्रारूपापलीकडे काहीतरी आहे, हे नक्की.

‘अपग्रेड’ म्हटलं की आपण लगेच विचारतो, शलाका किती वाढवली? माझ्या मते हा प्रश्नच चुकतो. खऱ्या घटनेत दोन्ही कण 52.8 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे, एकाच क्षणी, बरोबर विरुद्ध दिशांना निघणार. पण एका म्युऑनचा पॉझिट्रॉन आणि दुसऱ्याचाच फोटॉन योगायोगाने जुळले, तर? म्युऑनांचा दर दुप्पट केलात की खऱ्या घटना दुप्पट होतील, खोट्या जोड्या मात्र चौपट! म्हणजे अपग्रेड जोखायचं ते मोजमापाच्या नेमकेपणावर.

त्या कसोटीवर पॉझिट्रॉनच्या बाजूला पैकीच्या पैकी. नव्या, अतिशय हलक्या ड्रिफ्ट चेंबरने ऊर्जेतली अनिश्चितता जुन्या ‘मेग’च्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आणली. बांधताना तिच्या बारीक तारा दमट हवेने गंजून तुटल्या होत्या, हे लक्षात घेतलं तर कौतुक जास्तच.

फोटॉनचं तसं म्हणता येत नाही. 900 लिटर द्रव झेनॉनच्या पुढच्या बाजूच्या 216 प्रकाशनलिका काढून तिथे 4092 सिलिकॉन संवेदक बसवले. त्यामुळे फोटॉन कुठे आदळला ते छान कळतं. ऊर्जेच्या मापनात मात्र मूळ प्रस्तावातलं लक्ष्य सुमारे 1 टक्क्याचं होतं, आणि हाती आले 2 टक्क्यांच्या आसपास. शिवाय शलाका सुरू असताना हे संवेदक अतिनील प्रकाशाला मंद होत जातात. बंद काळात तापवून त्यांना पुन्हा ताळ्यावर आणावं लागतं. (बॅटरी चार्ज करावी तसंच जवळपास.) म्हणजे जास्त दर पेलायला बसवलेलं उपकरणच दराला लगाम घालतं!

तरीही 2025 साली जाहीर झालेला निकाल हलका नाही. दहा लाख कोटी म्युऑनांत असे ऱ्हास किती असू शकतात, याची कमाल मर्यादा 2016 मध्ये 4.2 होती, ती आता 1.5 वर आली. पल्ला 0.6 पर्यंतचा आहे. तिथवर जाताना मी शलाकेचे आकडे पाहणार नाही, झेनॉनचे पाहीन.