बोट धरून चाललेला सिनेमा

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना जाहीर नामांकने नसतात. निर्माते प्रवेशिका पाठवतात, प्रादेशिक मंडळे चाळण लावतात, केंद्रीय मंडळ निकाल ठरवते आणि आपल्या हाती पडते ती फक्त विजेत्यांची यादी. थोडक्यात कोण हुकले ते कधी कळत नाही. म्हणून एका वर्षाच्या यादीवरून मराठी सिनेमाची नाडी पाहू नये, असे माझे मत. पण गेल्या वीस-बावीस वर्षांच्या याद्या एकाखाली एक ठेवून वाचल्या, की एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. आपला सिनेमा दिल्लीला जातो तो बहुतेक वेळा एखाद्या लहान मुलाचे बोट धरून.

एकाहत्तरावे पुरस्कारच घ्या. २०२३ सालच्या चित्रपटांसाठीचे हे पुरस्कार ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’. सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ‘नाळ २’. दिग्दर्शकीय पदार्पणाचा पुरस्कार ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडे यांना, आणि तीही शाळकरी प्रेमापासून सुरू होणारी गोष्ट. बालकलाकाराचा पुरस्कार पाच जणांना विभागून मिळाला, त्यातले चौघे मराठी चित्रपटांतले : ‘नाळ २’मधले त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि ‘जिप्सी’तला कबीर खंदारे. साडी नेसलेली चिमुकली त्रिशा मंचावर गेली तेव्हा सभागृहाने केलेले कौतुक साऱ्या देशाने पाहिले. आनंद झालाच. पण मोठ्यांच्या रांगेत आपण कुठे आहोत, हा प्रश्न त्या टाळ्यांतही मनातून हलेना.

नाशिकमध्ये राहून हा प्रश्न टाळता येत नाही, कारण हे बोट धरणे इथले आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’नंतर बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. त्या पहिल्या चित्रपटातला राजपुत्र त्यांचा मुलगा भालचंद्रच होता. १९१८ मध्ये इथे हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ आला. त्यातला कृष्ण म्हणजे दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाची सुरुवात मी कितीदा पाहिली असेल! सात वर्षांची ती पोर कृष्ण होऊन येत नाही. आधी स्वतः म्हणूनच कॅमेऱ्यासमोर बसते आणि चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते. मग पाहता पाहता त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा साज चढतो. लहान मुलाचा अभिनय हे काम आहे, कसब आहे, हे फाळक्यांनी प्रेक्षकाला आधी सांगितले आणि गोष्ट नंतर.

दुसरा धागा नाशिकच्या तुरुंगातला. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ तिथे लिहिले, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. त्यावरून आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये चित्रपट काढला. वनमालाबाई आई, माधव वझे श्याम. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. त्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’सारख्या चित्रपटाला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. सत्तर वर्षांनी डहाक्यांनी तेच पुस्तक पुन्हा कृष्णधवल रंगांत मांडले.

मधल्या काळाकडे मात्र नीट पाहिले पाहिजे. ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ हे काही किरकोळ चित्रपट नव्हेत. सहकारातला साखरसम्राट, मुख्यमंत्र्याच्या खुर्चीभोवतीचा खेळ, घर सोडून कामावर निघालेली बाई, असा मोठ्यांचा सगळा व्यवहार जब्बार पटेलांनी पडद्यावर आणला. त्यांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, भाषेच्या कुंपणाच्या आत. संपूर्ण देशातून पहिला येण्यासाठी मराठीला २००४ च्या ‘श्वास’पर्यंत थांबावे लागले, आणि तिथेही मध्यभागी मूलच होते.

‘श्वास’ मोठा आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डोळ्यांच्या कर्करोगाने नातवाची दृष्टी जाणार, जीव वाचवायचा तर डोळे द्यावे लागणार. अशा गोष्टीत रडवणे सोपे असते. संदीप सावंतांनी त्याऐवजी आजोबाची घालमेल पाहिली. शस्त्रक्रियेआधी तो नातवाला दवाखान्यातून घेऊन जातो, शहर दाखवतो. अरुण नलावड्यांचा आजोबा आणि अश्विन चितळेचा परशुराम यांच्यात तोलून पाहिले तर चित्रपटाचा भार आजोबाच्या खांद्यावर आहे. मूल तिथे निमित्त नाही आणि ढालही नाही.

ढाल हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. ‘श्वास’नंतर आपल्याला एक वाट सापडली आणि त्या वाटेवर गर्दी झाली. मूल मध्ये उभे केले, की जातीवर बोलता येते, कर्जावर बोलता येते, मोडणाऱ्या घरावर बोलता येते, आणि कुणाला जबाबदार धरावे लागत नाही. मुलाला सगळे अर्धवटच कळते, म्हणून लेखकालाही अर्धवट सांगून चालते. माळरान सुंदर दिसते, मूल धावते, आपले डोळे भरून येतात. यातले पुष्कळसे काम प्रामाणिक आहे, काही तर फार देखणे. तरी दहावा चित्रपट पाहताना मला त्या निरागसतेचा थकवा येतो.

‘फँड्री’ने हा थकवा कधीच दिला नाही. नागराज मंजुळ्यांचा जब्या शेवटी दगड उचलतो आणि तो थेट आपल्या दिशेने येतो. त्या क्षणी त्याचे बालपण संपते आणि आपली सुटकाही संपते. सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला खरा, पण तो दगड बाळबोध नव्हता.

२०१४ सालच्या चित्रपटांची यादी म्हणूनच मला सर्वांत बोलकी वाटते. ‘किल्ला’ सर्वोत्कृष्ट मराठी, ‘एलिझाबेथ एकादशी’ बालचित्रपटांच्या विजेत्यांत, आणि साऱ्या देशात पहिला चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’. एका लोकशाहिरावरच्या खटल्याची ही गोष्ट सुरू होते ती तो मुलांची शिकवणी घेत असताना. संपते तेव्हा सुटीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेत असतात, पोरे ओरडून त्यांना जागे करतात आणि ते एकाच्या थोबाडीत मारतात. मुले इथेही आहेत. फक्त कॅमेरा मोठ्यांवरून ढळत नाही. ‘देऊळ’ त्याआधी तीन वर्षे हेच करून गेला होता, जरा हसत-खेळत.

आणि आमचा ‘गोदावरी’. २०२१ च्या चित्रपटांमधून निखिल महाजनला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, त्याच्या आधी गोव्याच्या महोत्सवात जितेंद्र जोशीला अभिनयाचा. सहलेखक नाशिकचेच प्राजक्त देशमुख. हा चित्रपट नाशिकमध्ये पाहताना घाट दिसला की प्रेक्षागृहात कुजबुज होई; कोणता जिना, कोणते देऊळ, लोक ओळखत होते. पण पंधरा-वीस मिनिटांत ती थांबली. नायक निशिकांत हा भाडेवसुली करणारा, घरच्यांपासून तुटलेला, नदीवर चिडलेला माणूस. मरण जवळ आल्याचे कळूनही त्याला चटकन शहाणपण येत नाही. जोशीने त्याचा चिडका, हट्टी, कडू स्वभाव कुठेही गोड केलेला नाही. नीना कुळकर्णी, विक्रम गोखले, संजय मोने यांच्या भोवती ते जुने घर अवघडल्यासारखे उभे असते. चाळिशीच्या माणसाचे अपयश त्याच्याच तोंडाने ऐकण्याची सवय आपल्या पडद्याला राहिलेली नाही, हे तेव्हा जाणवले.

श्रीनिवास पोकळेचे नाव यादीत दोनदा आले आहे. पहिल्या ‘नाळ’मध्ये आपण दत्तक आहोत हे कळलेला चैत्या त्याने केला, दुसऱ्या भागात तोच चैत्या जन्मदात्या आईच्या गावी पोचतो. आता तो मोठा होतो आहे. एवढ्या लहान वयात गप्प राहून एवढे सांगणारा नट आपल्याकडे आहे. तो पंचवीस वर्षांचा होईल तेव्हा त्याच्यासाठी भूमिका लिहिलेली असेल का? अंबड-सातपूरच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, लासलगावच्या बाजारात कांद्याच्या ट्रॉलीजवळ रात्र काढणारा शेतकरी, नाहीतर लग्न मोडलेला एखादा शाळामास्तर. ही माणसे इथे रोज दिसतात. त्यांच्यावरची एक तरी संहिता आज कुणाच्या तरी टेबलावर असायला हवी.