कार्यफलकावरील ‘पूर्ण’ हा रकाना

संशोधनाचे सांघिक काम ऑनलाइन कार्यफलकावर चालविण्याची पद्धत विद्यापीठीय विभागांत आता बरीच रुळली आहे. सोय म्हणून तिच्याकडे सर्वच पाहतात. लेखनप्रकार म्हणून मात्र तिच्याकडे क्वचितच कोणी पाहिले असेल. वस्तुतः कार्यफलक हा एक लेखनप्रकारच होय. त्याला स्वतःचे व्याकरण आहे, आणि इतर लेखनप्रकारांप्रमाणे तोही काही गोष्टींना ठळक जागा देतो व काहींना देत नाही. प्रस्तुत टिपणात याच अंगाने त्याचा विचार करावयाचा आहे. निमित्त आमच्याच विभागातील एका पाठसंपादनाचे आहे.

या फलकाची रचना परिचित आहे. प्रत्येक कामाचे एक कार्ड, आणि ‘करावयाचे’, ‘चालू’ व ‘पूर्ण’ असे तीन रकाने. काम जसजसे पुढे जाईल तसतसे कार्ड डावीकडून उजवीकडे सरकवावयाचे. न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक या कंपनीने २०११ साली आणलेल्या ट्रेलोमुळे ही मांडणी सर्वतोमुखी झाली. तिचे मूळ मात्र संगणकात नाही. जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जी ‘कानबान’ पद्धत घडविली, तीत सुट्या भागांबरोबर एक पत्रक फिरत असे, आणि पुढच्या टप्प्याने मागणी केल्याखेरीज मागच्या टप्प्याने भाग तयार करावयाचे नाहीत, असा दंडक होता. डेव्हिड अँडरसन यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात हीच कल्पना संगणकीय कामासाठी मांडली, आणि लोखंडी भागांचे पत्रक बौद्धिक कामाचे कार्ड झाले.

मराठीत काम करणाऱ्यांवर या कार्डाचे एक मोठे ऋण आहे, ते आधी मान्य केले पाहिजे. आपल्या कार्यालयीन भाषेत कर्ता सहज नाहीसा होतो. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’, ‘मजकूर तपासला जावा’, ‘प्रस्तावना पाहावी’ या वाक्यांत काम आहे, पण ते करणारा नाही. त्यातही ‘पाहणे’ हे क्रियापद विलक्षण लवचीक आहे. नुसती नजर टाकण्यापासून मंजुरी देण्यापर्यंत त्याचा कोणताही अर्थ होऊ शकतो, आणि तो कोणता घ्यावयाचा हे बहुधा काम बिघडल्यावर ठरते. कार्डाला ही पळवाट फारशी चालत नाही. त्यावर नाव घालावे लागते, मुदत घालावी लागते. आसना या सॉफ्टवेअरने तर एका कामाला एकच जबाबदार व्यक्ती, असा कटाक्ष ठेवला आहे. विभागात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला ‘माझे काम नेमके कोणते?’ असे कोणाच्या खोलीच्या दाराशी उभे राहून विचारावे लागत नाही, हाही लाभ लहान नव्हे.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. सतराव्या शतकातील एका आख्यानकाव्याच्या तीन पोथ्यांची पाठतुलना आमच्याकडे चालू होती. दोन अध्यापक आणि पाच विद्यार्थी, तेही दोन गावी विभागलेले. तेव्हा फलक अपरिहार्यच होता. त्यावर एक कार्ड होते : ‘ग पोथी, पत्रे १२ ते १८, पाठ नोंदणे.’ या पत्रांतील एका ओवीत ‘चाड’ वाचावे की ‘वाड’, असा प्रश्न होता. जुन्या हस्ताक्षरांत ‘च’ आणि ‘व’ यांचा घोटाळा नित्याचा आहे. येथे तर दोन्ही शब्द अर्थाला लागत होते. ‘चाड’ म्हणजे आस्था, ‘वाड’ म्हणजे मोठे. ‘क’ पोथीत नेमके तेथे किडीचे छिद्र, आणि ‘ख’ पोथीत ती ओवीच नाही. म्हणजे सारा निर्णय ‘ग’वर अवलंबून होता. काम करणाऱ्या विद्यार्थिनीने तक्त्यात ‘चाड’ नोंदविले आणि कार्डाखालच्या शेऱ्यात लिहिले, ‘पहिले अक्षर व असावे काय? सरांनी पाहावे.’ मुदतीची तारीख एव्हाना लाल झाली होती. तिने कार्ड ‘पूर्ण’मध्ये सरकविले.

कोणत्या सरांनी, हे त्या शेऱ्यात नव्हते. नाव जोडून लिहिले असते तर त्या व्यक्तीला आपोआप सूचना गेली असती. पण कार्डाने हद्दपार केलेले आपले जुने वाक्य शेऱ्याच्या वाटेने परत आले होते. तथापि दोष तिचा नव्हे. महिनाअखेर ‘पूर्ण’ रकान्यातील कार्डे संग्रहात टाकून फलक स्वच्छ करावयाचा, हा नियम प्रस्तुत लेखकाचा होता. संग्रहातील कार्ड पुसले जात नाही, शोधल्यास सापडते. पण जे शोधावयाचे आहे याचीच जाणीव नाही, ते शोधणार कोण? दुसरे मुद्रित हाती आल्यावर त्या विद्यार्थिनीनेच विचारले, तेव्हा ती शंका पुन्हा उजेडात आली. एव्हाना त्या ‘चाड’वर प्रस्तावनेतील एक परिच्छेद उभा राहिला होता.

हा प्रसंग किरकोळ वाटेल. परंतु अशाच स्वरूपाचे, कितीतरी पटींनी मोठे सांघिक काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात झाले, त्याच्याशी तुलना केली असता कार्डाची मर्यादा लक्षात येते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ साली सुरू झाले. १९२५ मध्ये वि. स. सुखटणकर त्याचे प्रधान संपादक झाले. १९३३ मध्ये आदिपर्व पुरे झाले, आणि १९६६ मध्ये संपूर्ण संहिता. पाठतुलना एकट्या पुण्यात होत नव्हती. शांतिनिकेतनात विश्वभारतीमध्ये आणि तंजावरलाही ती चाले. या विखुरलेल्या कामाला बांधून ठेवणारे साधन म्हणजे पाठतुलनेचा कागद. रूढ संहितेतील श्लोक वर अक्षरशः मांडावयाचा आणि निरनिराळ्या हस्तलिखितांतील भेद ज्या त्या अक्षराखाली उतरवावयाचे. त्याच कागदावर उजवीकडे शेऱ्यांसाठी एक स्वतंत्र रुंद रकाना राखलेला असे. म्हणजे पाठ आणि त्याविषयीचा शेरा ही दोन्ही एकाच पानावर नांदत. एक हलविले की दुसरे आपोआप हलत असे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की संहिता छापून झाली तरी शंका संपली असे सुखटणकरांनी मानले नाही. जो पाठ पुरता निश्चित नाही, त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. पाठ दिला आहे, काम पुरे झाले आहे, आणि तरीही येथे संपादक निःशंक नाही, असे ती रेघ सांगते. आपल्या तीन रकान्यांच्या फलकावर या अवस्थेला नाव नाही.

यावर कोणी म्हणेल, की ‘शंका’ नावाचा चौथा रकाना घातला म्हणजे झाले. जिरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये तर हव्या तितक्या अवस्था घालता येतात. आम्ही तसे करून पाहिले. त्या रकान्यात कार्डे साचू लागली, कारण तेथील काम ‘अपुरे’ गणले जाई, आणि आपले काम अपुरे दिसावे असे कोणाला वाटते? विद्यार्थी शंका घेण्याचेच टाळू लागले, ही तर अधिक गंभीर गोष्ट होती. चूक आमच्या कल्पनेतच होती. शंका हा कामाचा टप्पा नव्हे. तो पुऱ्या झालेल्या कामाचा एक गुण आहे. नागमोडी रेघ संहितेच्या बाहेर नसते, तिच्या अंगावर असते. म्हणून आता रकाना काढून टाकला आहे आणि कार्डावर जांभळ्या रंगाची खूण लावतो. ते ‘पूर्ण’मध्ये जाते, खुणेसह जाते, आणि खूण असेपर्यंत संग्रहात टाकावयाचे नाही, असा नवा नियम केला आहे.

टोयोटाच्या पद्धतीकडे या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. तेथे पत्रकाच्या जोडीला एक दोरी असे. सदोष भाग आढळल्यास साध्या कामगारानेही ती ओढावी, आणि वेळीच निरसन न झाल्यास सारी उत्पादनरेषा थांबावी, अशी योजना होती. सदोष भाग पुढच्या टप्प्याकडे जाऊ द्यावयाचा नाही, हा पत्रकाचाही नियमच होता. आमच्या फलकावर पत्रक आले, पण दोरी आली नाही. सात जणांच्या गटात सर्वांत कनिष्ठ असलेल्या व्यक्तीला काम थांबविण्याचा अधिकार देणे हे सॉफ्टवेअरचे काम नव्हे, हे खरे. ते अध्यापकांचे आहे, आणि आमच्याकडून ते झाले नव्हते.

त्या ओवीचे पत्र आम्ही पुन्हा तिघांनी वेगवेगळे वाचले. दोघांना ‘वाड’ दिसले, एकाला ‘चाड’. प्रस्तावनेतील परिच्छेद काढून टाकला आहे. संहितेत ‘वाड’ घेतले असून त्याखाली नागमोडी रेघ आहे, आणि फलकावरील कार्ड जांभळी खूण लावून ‘पूर्ण’ रकान्यात आहे.