‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’: संशोधकाने कसं वाचावं?

डॉ. अभय बंग यांचं हे पुस्तक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. गडचिरोलीत काम करणारा डॉक्टर स्वतःच हृदयरुग्ण होतो आणि आहार, योग, ध्यान यांकडे वळतो. पुस्तक प्रामाणिक आहे, म्हणून पटतं. संशोधकाने सावध व्हायचं ते इथेच.

बंग यांचीच फूटपट्टी लावून बघा. नवजात बाळांच्या घरगुती सेवेचा त्यांचा प्रयोग १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात गडचिरोलीतली ३९ गावं सेवेची होती आणि ४७ तुलनेची. तुलनेची गावं नसती, तर मृत्यू सेवेमुळे घटले की एरवीही घटले असते, हे कळलंच नसतं. पुस्तकात मात्र रुग्ण एकच आणि बदल अनेक, तेही एकदम. मग गुण आला तो नेमका कशाने? डीन ऑर्निश यांच्या १९९० च्या चाचणीतही बदल एकत्रच होते, पण तिथे निदान तुलनागट होता.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेकडे येऊ. श्वास आत घेताना नाडी वाढते, सोडताना कमी होते. हे मुख्यतः वेगस मज्जातंतूचं काम. मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावून हा फरक मोजतात. तो १५ ठोके किंवा जास्त असला तर ठीक, १० किंवा कमी असला तर बिघाडाची शंका. जुन्या मधुमेहात हे मज्जातंतू खराब होऊ शकतात. मग संथ श्वास घेऊनही नाडी फारशी हलत नाही. अशा रुग्णाला बायपाससाठी भूल दिली की रक्तदाब एकदम कोसळू शकतो, कारण तो सावरणारी यंत्रणाच दुबळी झालेली असते. म्हणजे एका हृदयाचा अनुभव दुसऱ्या हृदयाला जसाच्या तसा लागू पडेल, असं धरून चालता येत नाही.

पण उलटी घाईही नको. बायपासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाडी अनियमित झाली, की लगेच मज्जातंतूंना दोष देऊ नका. वय, शस्त्रक्रियेची सूज, बंद केलेलं बीटा-ब्लॉकर, पोटॅशियमची कमतरता, यांपैकी काहीही कारण असू शकतं.

पुस्तक पुन्हा वाचा. प्रत्येक दाव्यापुढे पेन्सिलीने एकच प्रश्न लिहा: याची ‘तुलनेची गावं’ कुठे आहेत? उत्तर सापडलं नाही, तर दावा खोटा ठरत नाही. तो तुमच्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो.