‘बाहेरून’ मिळविलेली पदवी : परीक्षेद्वारे श्रेयांक आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसरातील नोकरदार विद्यार्थी

सारांश

महाविद्यालयात नियमित न जाता केवळ परीक्षा देऊन मिळविलेल्या पदवीस मराठीत ‘बाहेरून केलेली पदवी’ असे म्हटले जाते. परीक्षेद्वारे श्रेयांक देण्याच्या अमेरिकेतील पद्धतीशी या मार्गाची तुलना प्रस्तुत लेखात केली आहे. आपल्याकडील बहिःस्थ परीक्षेने विद्यार्थ्याची हजेरी माफ केली. परंतु त्याच्याजवळ आधीच असलेले ज्ञान कधी मोजले नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

‘बी.कॉम. कुठून केले?’ या प्रश्नास कल्याणपलीकडील अनेक नोकरदार ‘बाहेरून’ असे एका शब्दात उत्तर देतात. उत्तर देणाऱ्याच्या स्वरात किंचित संकोच असतो, तर विचारणाऱ्याच्या मनात किंचित शंका. वास्तविक, मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. कायद्याने मिटलेली ही शंका व्यवहारात मात्र टिकून आहे. तिचे मूळ विद्यार्थ्याच्या कुवतीत शोधण्याऐवजी आपल्या परीक्षापद्धतीत शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

परीक्षेतून श्रेयांक : संकल्पना आणि पूर्वपीठिका

अमेरिकेत ‘असोसिएट’ ही दोन वर्षांची, सर्वसाधारणपणे ६० श्रेयांकांची पदवी आहे. तेथे कॉलेज बोर्ड या संस्थेने १९६७ मध्ये ‘क्लेप’ या नावाने ओळखली जाणारी परीक्षायोजना सुरू केली. इतिहास, गणित, लेखांकन, परकीय भाषा अशा विषयांत विद्यार्थी थेट परीक्षा देतो. २० ते ८० या गुणश्रेणीत साधारणतः ५० गुण मिळाल्यास त्या विषयाचे श्रेयांक देण्याची शिफारस केली जाते. ते स्वीकारावयाचे की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ ठरवते. न्यूयॉर्क राज्यात १९७१ मध्ये आणि न्यू जर्सीत १९७२ मध्ये प्रौढांसाठी अशा श्रेयांकांवर मोठ्या प्रमाणात उभ्या राहणाऱ्या पदव्यांची व्यवस्था झाली. या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. ज्ञान कोठून मिळविले हे विचारावयाचे नाही. ते आहे किंवा नाही एवढेच तपासावयाचे.

हे तत्त्व मुंबई विद्यापीठास अगदीच परके नव्हते. १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेले हे विद्यापीठ आरंभी प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था होते. अध्यापन महाविद्यालये करीत. लंडनने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा महाविद्यालयाबाहेरील उमेदवारांना खुल्या केल्या. मुंबईत मात्र संलग्न महाविद्यालयाचा उंबरठा कायम राहिला. तो ओलांडण्याचा मार्ग पुष्कळ उशिरा, १९७१ मध्ये विद्यापीठाचा पत्रद्वारा शिक्षण विभाग सुरू झाल्यावर निघाला. पुढे हाच विभाग ‘आयडॉल’ या नावाने घरोघर परिचित झाला. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शालेय पातळीवर दहावी-बारावीसाठी ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून खाजगीरीत्या बसण्याची सोय आहेच. तात्पर्य, परीक्षेतून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही.

परिसर आणि विद्यार्थी

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख, अंबरनाथची अडीच लाख, तर कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाख होती. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहतीमुळे वाढले. बदलापूर हे मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांचे गाव झाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ही स्थानके अनुक्रमे ५८, ६० आणि ६८ किलोमीटरवर आहेत. या परिसरात महाविद्यालये आहेत. परंतु पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या व्यक्तीस ७५ टक्के उपस्थितीची अट पाळणे अशक्यप्राय असते. त्यामुळे ‘बाहेरून’ हा मार्ग येथे नाइलाजाने निवडला जातो.

या विद्यार्थ्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. तो अभ्यासक्रमाबाहेर असतो, म्हणून ज्ञानाबाहेरही असतो, असे गृहीत धरले जाते. उल्हासनगरच्या जपानी बाजारात किंवा फर्निचर बाजारात गल्ल्यावर बसणारा तरुण खरेदी-विक्रीच्या नोंदी, उधारीचा हिशेब, बँकेचा ताळमेळ आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे हाताळत असतो. अंबरनाथच्या कारखान्यातील कामगार मोजमापाची अचूकता आणि यंत्राची गती रोज अनुभवतो. हाच तरुण बी.कॉम.च्या प्रथम वर्षास बसतो, तेव्हा त्याला दुहेरी नोंदपद्धतीची व्याख्या पाठ करण्यापासून आरंभ करावा लागतो.

परीक्षा आहे, मान्यता नाही

येथेच दोन पद्धतींमधील मूलभूत भेद स्पष्ट होतो. अमेरिकेतील परीक्षा विद्यार्थ्याचा काळ वाचविते. आपल्याकडील बहिःस्थ परीक्षा केवळ अभ्यासाची जागा बदलते. लेखांकन उत्तम जाणणाऱ्या आणि त्याचा गंधही नसणाऱ्या, अशा दोघांनाही तीच तीन वर्षे, तेच विषय आणि तोच क्रम. वर्गातील अध्यापन वगळले गेले. परंतु वर्गासाठी आखलेले वेळापत्रक तसेच ठेवले गेले. परिणामी बहिःस्थ विद्यार्थ्यास शिक्षकाचा सहवासही मिळाला नाही आणि अनुभवाचे श्रेयही मिळाले नाही.

परीक्षेचे स्वरूपही यास कारणीभूत आहे. अपेक्षित प्रश्नसंच आणि मार्गदर्शिका यांवर विसंबून उत्तीर्ण होता येईल अशी प्रश्नपत्रिका ज्ञानाऐवजी स्मरणाचे मापन करते. मुलाखत घेणाऱ्याच्या मनातील शंका खरे तर या प्रश्नपत्रिकेवरील शंका आहे. तिची किंमत मात्र विद्यार्थी चुकवितो.

याला एक उल्लेखनीय अपवाद होता. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेच्या ‘ए.एम.आय.ई.’ परीक्षेचे ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन्ही विभाग उत्तीर्ण होणाऱ्यास अभियांत्रिकी पदवीशी समकक्षता मिळत असे. कारखान्यात काम करणाऱ्या पदविकाधारकांसाठी नोकरी न सोडता अभियंता होण्याचा हा मार्ग होता. ही परीक्षा सोपी नव्हती, म्हणूनच तिला मान होता. केंद्र शासनाने ही समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांपुरती मर्यादित केली. परीक्षा कठीण आणि विश्वसनीय असेल तर ‘बाहेरून’ या शब्दाचा कमीपणा नाहीसा होतो, एवढे तरी या उदाहरणावरून दिसते.

नवे धोरण : नवी परिभाषा, जुनी अट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. महाराष्ट्रात दोन वर्षांच्या पदविकेसाठी ८० ते ८८ श्रेयांकांची चौकट आहे. पूरक कौशल्याची अटही आहे. अमेरिकेतील असोसिएट पदवीस हीच आपल्याकडील जवळची पायरी होय. २०२१ मधील नियमांनुसार स्थापन झालेल्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये श्रेयांक साठविता येतात आणि ते कमाल सात वर्षे वैध राहतात. ‘स्वयम्’ मंचावरून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुभा आहे.

हे बदल स्वागतार्ह आहेत. तथापि ‘स्वयम्’मध्येही आधी नोंदणी, मग स्वाध्याय आणि शेवटी परीक्षा असाच क्रम आहे, विषय येतो म्हणून थेट परीक्षेस बसता येत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवालाही श्रेयांक देण्याचे तत्त्व मूल्यांकनाच्या अटीवर मान्य झाले आहे. परंतु हे मूल्यांकन महाविद्यालयाच्या पातळीवर नित्याचे झाल्याखेरीज जपानी बाजारातील त्या तरुणास आराखड्याचा उपयोग नाही. बँक उघडली गेली. पण त्याच्याजवळील नाणे तेथे अद्याप सहजपणे स्वीकारले जात नाही.

आक्षेपांचा विचार

प्राध्यापकवर्गाकडून या पद्धतीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शिक्षण म्हणजे केवळ परीक्षा नव्हे. वर्गातील चर्चा, मतभेद आणि सहवास यांतून होणारी घडण परीक्षेत मोजता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच संपूर्ण पदवी परीक्षेतून देण्याऐवजी पायाभूत व कौशल्याधारित विषयांपुरतीच ही सवलत असावी. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र यांसारख्या विषयांत अध्यापनास पर्याय नाही. वाचलेला वेळ विद्यार्थ्याला या विषयांच्या शनिवार-रविवारच्या वर्गासाठी देता येईल. आज त्यास असा एकही वर्ग सहसा लाभत नाही, हे विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही. तो कार्यभाराचा आहे. विद्यार्थी विषयातून सूट घेऊ लागले तर तासिका घटतील आणि पदांवर गदा येईल, ही भीती काल्पनिक नाही. परंतु विश्वसनीय परीक्षा घेणे हेही शैक्षणिक श्रमच आहेत. प्रश्नपेढी तयार करणे, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा घेणे, अनुभवाचे पुरावे तपासणे या कामांची गणना कार्यभारात झाली पाहिजे. तशी मागणी न करता केवळ सवलतीस विरोध करणे म्हणजे आपल्या पदाचे रक्षण विद्यार्थ्याच्या वर्षांनी करणे होय.

समारोप

विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांनी लेखांकन, संगणक, भाषा अशा मोजक्या विषयांसाठी थेट परीक्षेचा आराखडा तयार करावा. लेखी परीक्षेस प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेची जोड असावी आणि अशा श्रेयांकांची कमाल मर्यादा निश्चित असावी. विद्यापरिषदेची मान्यता मिळाल्यास उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील महाविद्यालये एकत्रितपणे अशी परीक्षा घेऊ शकतील. त्यासाठी लागणारे विषयतज्ज्ञ या महाविद्यालयांतच आहेत.

‘बाहेरून’ या शब्दात आजवर विद्यार्थ्याची उणीव पाहिली गेली. तो वर्गाबाहेर होता, हे खरे. पण बाजारात, कारखान्यात आणि लोकलच्या डब्यात तो रिकामा बसलेला नव्हता. तेथे तो जे शिकला ते तपासण्याची तयारी महाविद्यालयाने दाखविली, तर त्याची दोन सत्रे वाचतील आणि पदवीवरील शंकाही ओसरेल.