दहा प्रश्नांत हार्मोन कळतात का?

‘जेवल्यावर लगेच झोप लागते का? हल्ली चिडचिड होते का?’ पुरुषांमधलं टेस्टोस्टेरॉन कमी झालंय का, हे ओळखायला वापरल्या जाणाऱ्या ‘अ‍ॅडम’ प्रश्नावलीतल्या दहांपैकी हे दोन प्रश्न. ती बनवणारे अमेरिकेतले डॉ. जॉन मॉर्ली यांनी २०१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं, की ऑर्गेनॉन या औषधकंपनीच्या मागणीवरून त्यांनी ती वीस मिनिटांत, टॉयलेट पेपरवर लिहिली! माझा आक्षेप कागदाला नाही. आकड्यांना आहे.

२००० साली ही प्रश्नावली कॅनडातल्या ३१६ डॉक्टरांवर तपासली. टेस्टोस्टेरॉन कमी असलेले ८८ टक्के लोक तिनं पकडले, छान. पण नॉर्मल असलेल्यांपैकी ६० टक्क्यांनाच तिनं सोडलं. बाकीच्यांच्या जिवाला उगाच घोर.

आता हिशेब करू. २०१० च्या युरोपीय अभ्यासात ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांपैकी २.१ टक्क्यांनाच हा आजार निघाला. म्हणजे शंभरात दोघं. ते दोघं सापडले असं धरलं, तरी उरलेल्या ९८ पैकी ३९ जणही जाळ्यात येतात. (दोन्ही अभ्यासांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, त्यामुळे हा हिशेब ढोबळच.)

याच युरोपीय अभ्यासात ३२ लक्षणं तपासली होती. कमी टेस्टोस्टेरॉनसोबत एकत्र गुंफलेली दिसली ती तीनच: कामेच्छा कमी होणं, ताठरता नीट न येणं आणि सकाळची ताठरता कमी होणं. थकवा, उदासपणा यांचंही थोडंफार नातं दिसलं, पण इतकं घट्ट नाही. आणि थकवा कुणाला नसतो हो?

बायकांच्या याद्यांतही तेच. थकवा, वजन, केस गळणं. हे थायरॉइडमध्ये होतं, लोह कमी पडल्यावरही होतं. त्यापेक्षा ‘पाळी किती दिवसांनी येते?’ हा साधा प्रश्न कितीतरी जास्त सांगतो. पीसीओएसच्या २००३ च्या रॉटरडॅम निकषांत अनियमित अंडमोचन, जास्त झालेली पुरुषी संप्रेरकं आणि सोनोग्राफीतलं चित्र या तिन्हींपैकी दोन लागतात, तेही थायरॉइडसारखी इतर कारणं बाद केल्यावर.

एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या शिफारशीनुसार टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी, उपाशीपोटी करायची आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यामुळे ऑफिसातून परतताना संध्याकाळी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट ‘लो’ आला, तर औषधाचं बोलण्याआधी सकाळची तपासणी मागून घ्या.